आणखी जवळ

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध पंडित इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करीत बसले होते. गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि त्यांच्या पाठीमागे हसे. शब्दांचे अर्थ लावून कुणाची चूल पेटली आहे काय, असा लोकांचा प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर गुरुजींची चूलही बेताचीच पेटत असे. पण काही माणसांना एकदा एखाद्या कामाने धरले की सोडत नाही. गुरुजींना या कामाने धरले होते.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. दुसऱ्याच्या कोशात डोकावून अर्थ उतरवून घेणे त्यांना मान्य नव्हते. शिष्याने एखाद्या शब्दाचा अर्थ लिहून आणला की ते म्हणत, "आता वाक्य सांग. आणि तुझं स्वतःचं सांग. जे तू जगलेला नाहीस ते वाक्य माझ्या कोशात नको." या हट्टापायी काम गोगलगाईच्या गतीने चाले. 'पराक्रम' या अर्थाचा एक शब्द कित्येक महिने नुसताच पडून होता, कारण गुरु आणि शिष्य दोघांपैकी कुणीही पराक्रम केलेला नव्हता. शेवटी शिष्याने गावच्या मारक्या बैलाला एकट्याने वळवले तेव्हा कुठे तो शब्द मार्गी लागला.

शिष्याचे नाव नरहरी. पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याचा हा एकुलता एक मुलगा. बुद्धी तल्लख, वाचन दांडगे, आणि आपली बुद्धी तल्लख आहे हे त्याला चांगले ठाऊक होते. वडिलांचे दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांनी छतापर्यंत भरलेले असे. नरहरीने मात्र दुकानात बसायचे नाकारले आणि गुरुजींच्या ओसरीवर जाऊन शब्द निवडू लागला. वडिलांनी त्याला एका शब्दाने अडवले नाही. त्यांना वाईट वाटले, की बरे वाटले, की काहीच वाटले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नसे. ते मुळातच अबोल होते. गिऱ्हाइकाशी जेवढे बोलावे लागे तेवढे बोलत, आणि दिवसाचा सगळा शब्दसाठा बहुधा तिथेच संपून जाई.

एके दिवशी काम 'निअर' या शब्दापाशी आले. हा शब्द आता आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. निअर म्हणजे जवळ, संपले. पण नरहरी या शब्दाच्या पार मुळापर्यंत गेला होता आणि त्या आनंदात तो ओसरीच्या पायऱ्या दोन-दोन ओलांडीत वर आला.

"गुरुजी, या शब्दानं मला वेडं केलं," तो म्हणाला. "घोड्याची डावी बाजू, ज्या बाजूनं स्वार चढतो ती, तिलाही इंग्रज निअर म्हणतो. आणि एका जुन्या अर्थानं निअर म्हणजे चक्क कंजूष! हात आखडून अंगाजवळ धरणारा."

"म्हणजे आपल्या गावात निअर माणसं पुष्कळ," गुरुजी म्हणाले.

"पण खरी मौज पुढंच आहे. या शब्दाचा मूळ अर्थ जवळ असा नव्हताच. जवळ म्हणायला त्यांच्याकडं दुसराच जुना शब्द होता. निअर म्हणजे 'आणखी जवळ'. आहेस त्याहून थोडं पुढं ये, असा त्याचा भाव. पुढं लोक हे विसरले आणि निअरलाच नुसतं जवळ समजू लागले. मग 'आणखी जवळ' म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांना त्याच शब्दाला पुन्हा एक शेपूट जोडावं लागलं."

गुरुजींनी समाधानाने मान हलवली. शिष्य हुशार होता यात शंका नव्हती.

"छान शोधलंस. आता वाक्य सांग."

नरहरीने तेही तयार ठेवले होते. "माझे वडील मला फार जवळचे आहेत."

"कशावरून?"

असा प्रश्न कुणी विचारील याची नरहरीला कल्पना नव्हती. तो जरा हसला. "कशावरून म्हणजे? जन्मापासून एका घरात आहोत. एका ताटाशेजारी दुसरं ताट. त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकून मी सांगू शकतो की आज दुकानात विक्री झाली की नाही."

"ते त्यांच्या दुकानाबद्दल झालं. त्यांना काय हवं आहे?"

"अण्णांना? त्यांना काही नको असतं."

"विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय, गुरुजी! घरच्या माणसाला असं कुणी विचारतं का? विचारलं तर म्हणतील, याला आज झालंय काय."

इथे मला गुरुजींपेक्षा नरहरीच अधिक ओळखीचा वाटतो. घरच्या माणसाला विचारायचे नसते, ही आपल्याकडची मोठी समजूत आहे. पाहुण्याला आपण दहादा विचारतो, चहा घेणार का, साखर किती, पंखा लावू का. घरच्याला विचारणे म्हणजे तो घरचा नाही असे म्हटल्यासारखे होते. जेवढा माणूस जवळचा तेवढे त्याच्याशी कमी बोलायचे, आणि या न बोलण्यालाच प्रेम म्हणायचे. कित्येक घरांत हे प्रेम पिढ्यान्‌पिढ्या असेच मुकाट्याने चालत आलेले आहे.

गुरुजींनी त्याचा कागद त्याच्याकडे परत सरकवला. "आज घरी जा आणि विचार. अण्णा, तुम्हाला काय हवं आहे. एवढंच. मग वाक्य घेऊ."

नरहरीला हे पोरकट वाटले, पण गुरूची आज्ञा. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा अण्णा ओसरीवर बसून एक नवी घागर बोटाच्या पेराने वाजवून पाहत होते. भांड्याला कुठे बारीक चीर असली तर ती आवाजात कळते, आणि विकण्यापूर्वी प्रत्येक भांडे असे वाजवून घेण्याचा त्यांचा नेम होता. नरहरी त्यांच्या शेजारी जाऊन बसला. असा तो कधी बसत नसे. अण्णांनी वळून पाहिले.

"काय रे?"

प्रश्न नरहरीच्या जिभेवर होता. पण जीभ उचलेना. शेकडो इंग्रजी शब्द मुळापासून जाणणाऱ्या त्या विद्वानाला चार मराठी शब्द उच्चारायची लाज वाटली.

"काही नाही."

"गुरुजी बरे आहेत?"

"बरे आहेत."

"मग ठीक," अण्णा म्हणाले. त्यांनी घागर मांडीवर तशीच धरून ठेवली. वाजवली नाही. नरहरी आणखी थोडा वेळ बसला असता तर बहुधा ते काही बोलले असते, किंवा नसतेही. तो उठला आणि पाय धुवायला मागीलदारी गेला. पाठीमागे पुन्हा घागर वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने गुरुजींना सांगितले, "विचारलं. म्हणाले, मला काही नको."

"कसे म्हणाले?"

"कसे म्हणजे? नेहमीसारखे."

गुरुजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग तो कागद त्यांनी एका बाजूला ठेवून दिला. "राहू दे हा शब्द. पुढचा घे." नरहरीला अपमान वाटला. एवढे मुळापर्यंत खणून आणलेला शब्द म्हाताऱ्याने एका क्षुल्लक हट्टापायी रखडवला, असे तो मनात म्हणाला आणि पुढच्या शब्दाला लागला.

थंडी सरता सरता, एका भर दुपारी, अण्णा दुकानात गादीवर बसल्या बसल्या गेले. समोरचे गिऱ्हाईक तांब्या उलटा करून पाहत होते. भाव विचारला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने मान वर केली. एवढाच त्यांच्या मरणाचा गाजावाजा. जाताना ते कुणाला काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या स्वभावाला ते धरूनच झाले.

नरहरी ढसाढसा रडला. ते रडणे खरे होते. त्याचे वडिलांवर प्रेम नव्हते असे कुणी म्हणू नये.

दहाव्याला मंडळी नदीच्या घाटावर जमली. नरहरीचे डोके भादरलेले, अंगावर ओले पंचे. भटजींनी मंत्र म्हणून पिंड दर्भावर मांडला आणि सगळे चार पावले मागे सरले. आता कावळ्याने येऊन पिंडाला शिवायचे. शिवला की गेलेला जीव तृप्त झाला. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा मागे राहिली आहे असे समजायचे. मग जवळच्या माणसांनी हात जोडून ती इच्छा ओळखायची आणि पुरी करण्याचे वचन द्यायचे. बरोबर ओळखली की कावळा येतो, अशी आपली श्रद्धा.

घाटावरच्या पिंपळावर कावळे ढिगाने होते. इतर वेळी दशम्यांबरोबर वाटीतले लोणचेही पळवणारे हे पक्षी त्या दिवशी शिष्टासारखे फांदीवर बसून राहिले. एकही खाली उतरेना.

प्रथम अण्णांचे धाकटे भाऊ पुढे झाले. त्यांना नरहरी काका म्हणे. हात जोडून ते मोठ्याने म्हणाले, "दादा, दुकानाची काळजी करू नको. मी आहे. मी उभा राहून चालवीन." कावळे ढिम्म. घाटावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले, कारण दुकान चालवायला मिळावे ही इच्छा कुणाची आहे हे पेठेत सर्वांना ठाऊक होते.

मग अण्णांचे जुने स्नेही, दुकानाशेजारचे अत्तरवाले, पुढे आले. "काशीला जायचं राहिलं ना? मी जाऊन येईन. तुझ्या नावानं बुडी मारीन." अत्तरवाल्यांना काशीची ओढ होती हे खरे. अण्णा मात्र गावची वेस ओलांडायलाही नाखूष असत. कावळ्यांनी पंख फडफडवले आणि पुन्हा मिटले.

"नरहरी, तू सांग," काका म्हणाले. "तू मुलगा. तुझ्याहून जवळचं कोण?"

नरहरी हात जोडून उभा राहिला. ऊन चढत होते. ओल्या पंच्यांचे पाणी वाळून अंग कडक झाल्यासारखे वाटत होते. "अण्णा, आईला सांभाळीन," तो म्हणाला. काही हालचाल नाही. "घराची नीट व्यवस्था लावीन." नाही. "आल्यागेल्याला विन्मुख पाठवणार नाही." नाही. तो आठवू लागला. अण्णांना काय आवडायचे? पानात वाढलेले सगळेच ते खात. कुठले देऊळ? सगळ्याच देवळांपुढे हात जोडीत. वडिलांच्या आयुष्याचे एकेक दार तो ठोठावू लागला, आणि प्रत्येक दाराशी त्याला कळू लागले की इथे आपण यापूर्वी कधी आलोच नव्हतो. आता खरोखरच त्याला एकच गोष्ट हवी होती. कावळा यावा. आपण वडिलांना ओळखत होतो एवढी साक्ष कुणीतरी द्यावी, मग ती एका पाखराने दिली तरी चालेल.

"अण्णा," तो कळवळून म्हणाला, "मी कोश पुरा करीन! तुमच्या आशीर्वादानं पुरा करीन!"

आणि एक कावळा फांदीवरून सुटला. तो घाटाच्या पायरीवर उतरला. दोन उड्या मारून पिंडाच्या दिशेने आला. मान तिरकी करून त्याने भाताच्या गोळ्याकडे पाहिले. सगळा घाट श्वास रोखून उभा होता. नरहरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कावळ्याने आणखी एक उडी मारली आणि चोच पुढे केली.

त्याच क्षणी मागे उभे असलेले गुरुजी पुढे झाले, खांद्यावरचे उपरणे ओढून त्यांनी फटकारले आणि कावळा हाकलून लावला.

कुणाला काही कळेचना. कावळा काव काव करीत नदीपलीकडे गेला, त्याच्या पाठोपाठ झाडावरचे बाकीचेही उडाले. गुरुजी भटजींना शांतपणे म्हणाले, "दर्भाचा कावळा करा आणि लावा पिंडाला. शास्त्राला चालतो."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण!" काका अंगावर धावून गेले. "आला होता! चोच लावत होता! इतक्या वेळानं आला होता!" अत्तरवाल्यांनी त्यांना धरले म्हणून बरे, नाही तर त्या दिवशी घाटावर आणखी एखाद्याची तयारी करावी लागली असती. भटजींनी खाली मान घालून दर्भाच्या काड्यांना गाठ मारली, त्यांचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विधी उरकला. त्यांच्यामागे दुसरे कुटुंब खोळंबले होते.

मंडळी घराकडे वळली. जाताना काकांनी सर्वांना बजावले, "घरी वहिनीला काही बोलायचं नाही. कावळा शिवला म्हणायचं. ऐकताय ना?" आणि गुरुजींकडे न पाहता ते निघून गेले.

नरहरी मागे राहिला. पायरीवर बसलेल्या गुरुजींपुढे तो येऊन उभा राहिला.

"का केलंत असं? मी तुमचं काय वाईट केलं होतं? तुमचाच कोश पुरा करतो म्हणत होतो ना मी?"

"म्हणूनच हाकलला," गुरुजी म्हणाले. "बैस."

नरहरी बसला नाही. गुरुजींनी आग्रह केला नाही.

"त्या पाखराला भूक लागली होती. भाताचा गोळा केव्हापासून त्याच्यासमोर होता. ते येणारच होतं. ज्या क्षणी येईल त्या क्षणी ज्याच्या तोंडी जे असेल ते तुझ्या वडिलांचं ठरणार होतं. काकांच्या वेळी आलं असतं तर त्यांना दुकान हवं होतं असं ठरलं असतं. तुझ्या वेळी आलं, तर त्यांना कोश हवा होता असं ठरलं असतं. कोश मला हवा आहे. तुला हवा आहे. त्यांना हवा होता का, ठाऊक आहे तुला?"

"नाही. पण हरकत काय होती, गुरुजी? माझ्या जिवाला तेवढं समाधान झालं असतं."

"तेवढंच मला नको होतं. त्या समाधानावर तू जन्म काढला असतास. लोकांना सांगितलं असतंस, अण्णांची शेवटची इच्छा माझा कोश. कोशाच्या पहिल्या पानावरही ते छापलं असतं. आणि तुझे वडील, जे खरोखर होते ते, कायमचे पुसले गेले असते. निअर शब्दाचं मूळ तूच मला सांगितलंस ना? तो शब्द चालणाऱ्या माणसांचा होता. आहेस तिथून आणखी पुढं ये, असं तो सांगत होता. लोकांना वाटलं, आपण पोचलो. त्यांनी चालायचं सोडलं. एका छपराखाली राहणारी माणसं बहुतेक अशीच असतात, पोचलो असं समजून थांबलेली. तूही थांबलेलाच होतास. पण पोचलो नव्हतो हे आज तुला कळत होतं, मी डोळ्यांनी पाहत होतो. ते कळणं एका कावळ्यानं खाऊन टाकावं, हे मला बघवलं नाही."

नरहरी एक पायरी खाली उतरून बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी त्या दिवशी विचारलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"ज्यानं खरंच विचारलं असतं, तो 'नेहमीसारखे' म्हणाला नसता."

"मग मला परत का नाही पाठवलंत?"

गुरुजींनी उपरणे मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. "मलाही वाटलं," ते म्हणाले, "वेळ आहे."

"त्यांना काय हवं होतं, गुरुजी?"

"मला काय ठाऊक? तुमच्या दुकानातून एकदा एक तांब्या घेतला, तेवढीच आमची ओळख."

"मग आता मला कसं कळणार?"

"नाही कळणार," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्यात साखर घातली नाही. घातली असती तर ही कथा वाचायला गोड झाली असती, पण गुरुजी ते गुरुजी राहिले नसते.

नरहरी घरी आला तेव्हा मंडळी जेवून पांगली होती. बायका घाटावर जात नाहीत, म्हणून आई सकाळपासून घरातच होती. ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काहीतरी होते जे नरहरीने त्या दहा दिवसांतच काय, त्याआधीही कधी पाहिले नव्हते. ती जवळजवळ हसत होती.

"ये," ती म्हणाली. "काका सांगून गेले सगळं. तू म्हणालास आईला सांभाळीन, आणि लगेच शिवला म्हणे. झडपच घातली म्हणे."

नरहरीने खांद्यावरचा पंचा खुंटीला टांगला.

"मी इथं बसून सकाळपासून हाच विचार करत होते, कशाला शिवेल. मला काही सुचेना बघ. इतकी वर्षं संसार केला आणि एक गोष्ट सुचेना." तिने पदराने तोंड पुसले. "माझी काळजी होती म्हणायची त्यांना. कधी बोलले नाहीत. मी आजारी पडले तरी दाराशी उभे राहून जायचे. मला वाटायचं, नसेल यांना काही. आणि जीव अडकला होता तो माझ्यात." ती पुन्हा म्हणाली, "माझ्यात." आणि मग नरहरीकडे बघून जरा बिचकत विचारले, "नक्की त्याच शब्दाला शिवला ना रे?"

नरहरीला कळले की हे आपण 'हो' म्हटले तर संपेल. आई सुखाने म्हातारी होईल. आणि उरलेला सगळा जन्म आपण दोघे एका घरात एका खोट्या कावळ्याच्या दोन बाजूंना राहू. त्याला त्या क्षणी गुरुजींचा भयंकर राग आला. घाटावर ते उपरणे फटकारणे सोपे होते, असे त्याला वाटले. उपरणे तर आता आपल्या हातात आले आहे.

"आई," तो म्हणाला, "नाही शिवला."

"काय?"

"कुणाच्याच शब्दाला नाही शिवला. दर्भाचा केला. काकांनी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं."

आईच्या चेहऱ्यावरचे ते काहीतरी मावळून गेले आणि रोजची आई परत आली.

"बरं वाटलं होतं," ती म्हणाली.

नरहरी तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला रडू येत होते, पण ज्या गोष्टीसाठी रडायचे तिला नाव नव्हते.

"मला वाटायचं, तुला ठाऊक असेल त्यांच्या मनातलं," आई म्हणाली. "बापलेक तुम्ही. बाहेर पुरुषापुरुषांत बोलत असाल."

"आणि मला वाटायचं, तुला सांगत असतील."

"नाही बाई. मला कुठलं सांगतात." तिने भिंतीकडे मान वळवली. "मग आता कुणाला विचारायचं?"

बाहेर ऊन उतरत चालले होते. नरहरी तिच्या हातांकडे पाहत होता. या हातांनी वाढलेले तो जन्मभर जेवला होता, आणि ही बाई मनाशी काय बोलते याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. त्याने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. मग, एखाद्या परक्या घराचे दार ठोठावावे तसा, अडखळत त्याने तो प्रश्न विचारला.

"आई, तुला काय हवं आहे?"

ती दचकली. तिने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने काही अपशब्द उच्चारला आहे. मग तिची नजर हळूहळू निवळली. सांगण्यासारखे काही आहे का, हे ती आत कुठेतरी चाचपून बघत असावी.

"आज नको विचारूस," ती म्हणाली. "मला सवय नाही."

नरहरीने मान हलवली. पण तो उठून गेला नाही. तिथेच बसून राहिला.

ज्यांच्या घरी विचारण्याजोगे कुणी अजून आहे, त्यांनी दहाव्याची वाट पाहू नये.